हेडफोन कानावर चढवून पाहू द्या

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीची खरेदी जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पानांवर हेडफोन आणि इअरबडच्या जाहिराती वाढू लागतात. त्या प्रत्येक जाहिरातीत किंमत, बॅटरी किती तास चालते आणि सवलत किती टक्के, एवढ्याच गोष्टी ठळक अक्षरांत असतात. मी गेली अकरा वर्षे मुलाखती, व्याख्याने आणि चर्चासत्रांच्या ध्वनिमुद्रणांवरून मजकूर उतरवून देण्याचे काम घरी बसून करते, आणि त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास माझ्या कानांवर हेडफोन असतो. तो चांगला निघाला तर काम वेळेत होते आणि वाईट निघाला तर कान, मान आणि मजकूर तिन्ही बिघडतात, हे मी अनुभवाने शिकले आहे. चप्पल घेताना आपण ती पायात घालून चार पावले चालून बघतो, चष्म्याची फ्रेम नाकावर ठेवून आरशात बघतो. पण तासन्‌तास कानाला लागून राहणारी ही वस्तू मात्र खोक्यावरचे आकडे वाचून घेतो. गाणे मनापासून ऐकणाऱ्यांच्या या शहरातही बहुतेक दुकानदार हेडफोन कानावर चढवून पाहू देत नाहीत, हीच माझी तक्रार आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी शहराच्या मध्यवस्तीतील एका मोठ्या दुकानातून मी कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा (म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेला) एक वायरलेस हेडफोन घेतला. आधी ऐकून पाहता येईल का, असे मी विचारले, तेव्हा काउंटरवरील तरुणाने नम्रपणे सांगितले, ‘‘मॅडम, सील फोडलं की वस्तू तुमची.’’ खोक्यावर लिहिलेले सगळे उत्तम होते, म्हणून मी पैसे देऊन घरी आले. त्याच संध्याकाळी मुळशीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याची, फोनवर मुद्रित केलेली मुलाखत उतरवायला बसले. धरणात गेलेल्या जमिनीबद्दल ते बोलत होते आणि एका वाक्यात जमिनीचा आकडा आला. तो ‘सात एकर’ आहे की ‘साठ एकर’, हे मला काही केल्या कळेना. मी ते वाक्य दहा-बारा वेळा मागे घेऊन ऐकले, आवाज वाढवला, डोळे मिटून ऐकले. शेवटी कपाटातला जुना, वायरचा, पट्ट्यावरचे कातडे सोललेला हेडफोन काढून लावला, आणि पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आले : साठ. त्या कुटुंबाच्या दृष्टीने या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे सांगायला नको.

असे का झाले, ते मी नंतर समजून घेतले. बोलण्यातील स्वरांचा जोर बराचसा खालच्या कंपनसंख्यांमध्ये असतो, तर एका व्यंजनाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण साधारण दोन हजार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते; ‘स’ आणि ‘श’ यांमधील फरक, ‘त’ आणि ‘ठ’ उच्चारताना होणारा बारीक स्फोट हे सगळे तिथे घडते. आजकाल पुष्कळ हेडफोनांत धमक वाटावी म्हणून खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो, आणि जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा स्वभावच आहे. त्यात साध्या फोनवरून आलेला आवाज मुळातच सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला असतो, म्हणजे व्यंजनांच्या खुणा आधीच अर्ध्यामुर्ध्या झालेल्या असतात. नाचाच्या गाण्यांसाठी तोच हेडफोन एखाद्याला अतिशय आवडला असता, त्यामुळे मी त्याला वाईट म्हणणार नाही. मात्र तो माझ्या कामाचा नव्हता, आणि दुकानात दोन मिनिटे बोललेले काही ऐकायला मिळाले असते, तर ते मला तिथेच कळले असते.

खोक्यावरच्या आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यांच्यावर आपला फार विश्वास असतो. ‘20 हर्ट्झ ते 20,000 हर्ट्झ’ हे शब्द तीनशे रुपयांच्या इअरफोनवरही असतात आणि तीस हजारांच्या हेडफोनवरही असतात. निरोगी तरुण माणसाच्या कानाची मर्यादाच साधारण तेवढी आहे, पण या आकड्यावरून त्या पट्ट्यात कुठे आवाज चढतो, कुठे पडतो आणि किती डेसिबलने, हे काहीच कळत नाही. आणि हेडफोनचा स्वभाव तर नेमका त्या चढउतारांतच असतो. ‘40 मिलिमीटरचा ड्रायव्हर’, म्हणजे कपातला आवाज काढणारा पडदा, याचीही गत तीच. पडदा मोठा म्हणून आवाज चांगला, असे गणित नाही. तो कोणत्या कपात बसवला आहे, त्यामागे हवेला किती जागा आहे आणि कानाभोवती तो किती घट्ट बसतो, यावर पुष्कळ काही ठरते. किमतीचेही तसेच आहे. 2017 साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापे तपासून प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याचा निष्कर्ष होता : हेडफोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांना कसा प्रतिसाद देतो आणि त्याची किरकोळ किंमत किती, यांत परस्परसंबंध आढळत नाही. महाग वस्तूत घडण, साहित्य, सुटे भाग आणि आराम चांगला मिळू शकतो. पण पैसे वाढले की आवाज आपोआप सुधारतो, हा समज सोडायला हवा.

तरीही दोन आकडे उपयोगाचे आहेत, आणि नेमके त्यांच्याकडेच कोणी बघत नाही. एक ओहममध्ये दिलेला अवरोध आणि दुसरी संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकद दिल्यावर तो किती मोठा वाजतो ते. 16 किंवा 32 ओहमचा वायरचा हेडफोन फोनवर साधारणपणे सहज वाजतो. परंतु स्टुडिओसाठी बनवलेला 250 किंवा 300 ओहमचा हेडफोन कोणी हौसेने फोनला जोडला, तर आवाज बहुधा दबलेला येतो आणि ‘एवढे पैसे घालून हे काय’ अशी निराशा पदरी पडते. दोष हेडफोनचा नसतो, त्याला चालवणारी ताकद फोनमध्ये नसते. हल्ली पुष्कळ फोनना 3.5 मिलिमीटरचे भोकच नसते, त्यामुळे टाइप-सीचा छोटा जोड घ्यावा लागतो, हेही वायरचा हेडफोन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता कानावर बसण्याविषयी. माझ्या मते आवाजापेक्षाही हा प्रश्न मोठा आहे, कारण नीट न बसलेल्या हेडफोनचा आवाज चांगला असूच शकत नाही. वर सांगितलेल्या फसलेल्या खरेदीनंतर मी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेले. तिथे एका अरुंद दुकानात भिंतीवर खिळ्यांना वापरातले सहा-सात हेडफोन टांगलेले होते आणि काउंटरवर स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवलेला होता. दुकान चालवणारे गृहस्थ दुरुस्तीचे काम करतात. मी माझ्या फोनवरचा तानपुरा लावला. काळी एकचा, पुरुषांच्या पट्टीतला तानपुरा. त्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर वाजते आणि जोडीच्या तारा त्याच्या दुपटीवर, म्हणजे साधारण 139 हर्ट्झवर. पहिला हेडफोन चढवला तेव्हा जोड ऐकू आली, जवारीची झणझण ऐकू आली, पण खर्ज जणू कोणी काढून घेतला होता. मी नाक मुरडले. तेव्हा ते म्हणाले, ‘‘काकू, चष्मा काढून ऐका बरं एकदा.’’ चष्मा काढला आणि खर्जाची तार भरून आली. पुन्हा चष्मा घातला, तार गेली. मग मी कानाजवळ, चष्म्याची काडी जिथे कपाच्या गादीखालून जाते तिथे, बोटाने हलकेच दाबले, आणि तार परत आली. बोट काढले की ती पुन्हा नाहीशी व्हायची.

काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यामध्ये काही मिलिमीटरची फट राहत होती आणि खालचा सगळा आवाज त्या फटीतून निसटत होता. त्यांनी त्याच हेडफोनला जाड, मऊ, मखमली गाद्या बसवून दिल्या; त्या काडीभोवती दबून बसल्या आणि फट जवळजवळ मिटली. आणखी एक गोष्ट तिथेच समजली. जुन्या हेडफोनमुळे संध्याकाळपर्यंत कानाच्या वरच्या बाजूला जे दुखायचे, ते हेडफोनच्या वजनामुळे नव्हते, तर पट्ट्याचा दाब काडीवर येत असल्यामुळे होते. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की हेडफोन चष्म्यासकट बघावा, आणि चढवून निदान दहा-पंधरा मिनिटे बसावे, कारण पहिल्या मिनिटाला सगळेच हेडफोन मऊ लागतात.

कानात घालायच्या इअरफोनचेही हेच तत्त्व आहे. खोक्यात बहुधा तीन मापांची रबरे असतात आणि बहुतेक लोक जी लावून आलेली असतात तीच ठेवून देतात. माप लहान असेल तर खालचा आवाज निसटतो, मोठे असेल तर कान दुखतो, आणि पुष्कळांच्या डाव्या व उजव्या कानाला वेगवेगळे माप लागते. शिवाय माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती स्वतःच सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवते. नळीची लांबी आणि बाहेरच्या पाळीचा आकार प्रत्येकाचा निराळा असल्यामुळे एकच इअरफोन दोन माणसांना दोन तऱ्हांनी ऐकू येतो. म्हणून कुणाच्या शिफारशीवर, मग ती घरच्या माणसाची असो की प्रसिद्ध परीक्षकाची, डोळे मिटून विसंबता येत नाही. ध्वनिसाहित्य बनवणाऱ्या हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात पुष्कळ श्रोत्यांवर चाचण्या घेऊन बहुसंख्यांना आवडणाऱ्या समतोलाची एक रेषा काढली आणि आज अनेक कंपन्या ती डोळ्यांसमोर ठेवतात, हे खरे. पण त्याच संशोधनात काहींना त्याहून अधिक खर्ज आवडतो आणि काहींना कमी, हेही दिसून आले आहे. ज्यांच्या कानात मळ जास्त साठतो किंवा कान वाहतो, त्यांनी आत जाणारा प्रकार घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. आत सरकणारे रबर मळ आणखी आत ढकलते.

कशासाठी ऐकायचे, हे आधी ठरवले तर निम्मी निवड तिथेच होते. घरात शांतपणे, एकट्याने ख्याल ऐकणाऱ्याला मी उघड्या पाठीचा हेडफोन सुचवेन. 1968 साली सेनहायझर या जर्मन कंपनीने एचडी 414 हा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून हा प्रकार आहे; पण आपल्याकडे दुकानात तो क्वचितच दिसतो आणि पुष्कळांना तो असतो हेच माहीत नसते. त्याच्या कपाला मागे जाळी असते, आवाज कोंडला जात नाही, कान तापत नाहीत, आणि गवई डोक्याच्या आत न बसता थोडा समोर बसल्यासारखा वाटतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात मांडवात बसून ऐकणाऱ्याला हा फरक शब्दांत सांगावा लागत नाही, एकदा ऐकला की तो ओळखतो. मात्र या हेडफोनमधला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, त्यामुळे शेजारी कुणी झोपले असेल किंवा खिडकीखाली वाहता रस्ता असेल, तर त्याचा उपयोग नाही. माझ्या घराची खिडकी कर्वे रस्त्याच्या बाजूला आहे. म्हणून मनात असूनही मी तो घेतला नाही आणि बंद पाठीचाच निवडला.

रस्त्याचा विषय निघाला म्हणून आवाज रोखणाऱ्या हेडफोनबद्दल लिहिते, कारण जाहिरातींमुळे त्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज झाले आहेत. बोस या ध्वनिसाहित्याच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना 1978 साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि 1989 साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला. या मुळातच त्या तंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. बाहेरचा आवाज छोट्या मायक्रोफोनने टिपून त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना खोडतात. हे विमानाच्या इंजिनासारख्या जाड, सलग, एकसुरी आवाजाला उत्तम जमते. पीएमपीच्या बसचे इंजिन, मेट्रोच्या डब्यातली घरघर, घरातला पंखा किंवा कूलर यांवर तो उपयोगी पडतो. परंतु लक्ष्मी रस्त्यावरचा अचानक वाजणारा कर्कश हॉर्न, शेजारच्या आसनावरचे गृहस्थ फोनवर मोठ्याने बोलत असतील ते, किंवा ताशाची तडतड यांसाठी त्याचा फार भरवसा धरू नये. तिथे गादी किंवा रबर कानाला किती घट्ट बसले आहे, त्यावरच काय अडेल ते अडेल. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर असे इअरबड घालून उभ्या राहिलेल्या मुलांना आपले कान सुरक्षित आहेत असे वाटत असते, हे पाहून मला फार काळजी वाटते. काहींना हे तंत्र सुरू केले की कानात दडा बसल्यासारखे वाटते. असे होणाऱ्याने त्यावर जास्तीचे पैसे घालू नयेत, आणि हेही दुकानात लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. दुचाकीवर किंवा रस्ता ओलांडताना मात्र यातले काहीही कानात नसावे.

वायर की बिनवायरचा, हा आज घरोघरी वाद आहे. चालताना, स्वयंपाक करताना वायर नको, हे मलाही पटते. पण दोन प्रसंगी ब्लूटूथ गैरसोयीचे ठरते आणि त्याची कल्पना कोणी विकताना देत नाही. पहिला प्रसंग शिकण्याचा. आमच्या शेजारची मुलगी इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड शिकते. घरच्यांना त्रास नको म्हणून तिच्या वडिलांनी तिला वायरलेस इअरबड आणून दिले आणि काही दिवसांतच तिचा ताल बिघडू लागला. पट्टी दाबल्यावर आवाज कानात पोहोचायला ब्लूटूथवर साधारण एक-दोन दशांश सेकंद लागू शकतात. विलंबित लयीत ते चालून जाते, पण मिनिटाला 240 मात्रांची द्रुत लय असेल तर एक मात्राच पाव सेकंदाची असते, म्हणजे हात एका मात्रेवर आणि कान जवळजवळ मागच्या मात्रेवर. साध्या वायरच्या हेडफोनने तिची अडचण त्याच दिवशी सुटली. दुसरा प्रसंग ऑनलाइन बैठकांचा आणि शिकवण्यांचा. ब्लूटूथ हेडफोनचाच मायक्रोफोन वापरायला घेतला की बहुतेक जोडण्या टेलिफोनसारख्या मार्गावर जातात, आवाज एकसुरी आणि पातळ होतो. हेडफोन बिघडला असे समजून लोक तो बदलून आणतात. त्याऐवजी संगणकाचा किंवा फोनचा मायक्रोफोन निवडला आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवला, तर पुष्कळदा आवाज पूर्ववत होतो.

याखेरीज, कानात बसणाऱ्या छोट्या बिनवायरच्या जोडीतली बॅटरी बहुधा बदलता येत नाही, आणि ती थकली की चांगला चाललेला ध्वनिपडदाही तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. माझ्या जुन्या वायरच्या हेडफोनची पिन मात्र तपकीर गल्लीत दोनदा बदलून झाली आहे.

माझ्या सासऱ्यांचे वय 78 आहे. वयाबरोबर बारीक, वरचे आवाज आधी कमी होतात आणि त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा बराच मंद झाला आहे. त्यांना जुनी नाट्यपदे ऐकायला आवडतात, पण त्यांतल्या काही मुद्रणांमध्ये गायक एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला अशी मांडणी आहे; त्यामुळे हेडफोन लावला की त्यांना कधी नुसता तबला आणि पेटी ऐकू येई आणि ‘गाणारा कुठे गेला’ असे ते विचारत. आम्ही दोन हेडफोन बदलले. खरा उपाय फोनमध्येच होता. सुलभतेच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाची सोय असते. ती सुरू केली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत येतो, आणि तिथेच डाव्या-उजव्या बाजूचा समतोलही कमीजास्त करता येतो. ज्यांच्या घरी एका कानाने कमी ऐकणारे माणूस आहे, त्यांनी नवा हेडफोन घेण्याआधी हे जरूर करून पाहावे. कानामागे श्रवणयंत्र लावणाऱ्यांना कान आणि यंत्र दोन्ही सामावणारा मोठा कप लागतो, नाहीतर यंत्र शिट्टी वाजवू लागते. हल्ली काही यंत्रांना फोन थेट जोडता येतो, तेव्हा श्रवणतज्ज्ञाला विचारूनच खर्च करावा. हाडांमधून आवाज पोहोचवणारे, कान मोकळा ठेवणारे हेडफोन बाहेर फिरायला जाणाऱ्यांसाठी चांगले आहेत, परंतु त्यांत खर्ज क्षीण असतो. आणि आवाज कानाच्या पडद्यावाटे न जाता हाडावाटे गेला तरी शेवटी पोहोचतो त्याच आतल्या कानात, त्यामुळे मोठ्याने ऐकल्यास त्यांनीही अपाय होतो.

मोठ्याने ऐकण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचे 2019 साली जाहीर झालेले मानक आहे. त्यानुसार प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा आहे आणि मुलांसाठी तेवढ्याच तासांना 75 डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की तास निम्मे होतात : 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. माझ्या कामाचे आठवड्याचे तासच चाळीसच्या आसपास जातात, तेव्हा माझ्या वाट्याला 80 च्या वर जाण्याची मुभाच नाही. इथे हेडफोनची निवड थेट आरोग्याशी येऊन मिळते. नीट न बसणारा, बाहेरचा गोंगाट आत येऊ देणारा हेडफोन असेल, तर माणूस बसमध्ये त्या गोंगाटावर आवाज चढवतो आणि उतरल्यावर तो खाली आणायला विसरतो. उलट, शब्द स्वच्छ पोहोचवणारा आणि कानाला नीट बसणारा हेडफोन असेल तर आवाज कमी ठेवूनही भागते. मी हेडफोन बदलल्यापासून संगणकावरची आवाजाची पट्टी पूर्वी जिथे असे त्याच्या निम्म्याच्या जरा वर राहते, आणि संध्याकाळी कानांत येणारा बारीक सूं सूं आवाज थांबला आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर ही काळजी आईवडिलांनीच घ्यायची आहे, कारण त्यांना कान दुखेपर्यंत काही समजत नाही आणि गेलेले ऐकू येणे परत आणता येत नाही.

म्हणून दुकानात जाताना मी आता तीन ध्वनिमुद्रणे बरोबर नेते : तो तानपुरा, एका बाईंनी सावकाश वाचलेला एक गद्य उतारा, आणि तबल्याचे एक छोटे वादन, ज्यात डग्ग्याची घुमक आणि चाटीची कड दोन्ही स्पष्ट आहेत. आपल्या ओळखीचे, शंभरदा ऐकलेले काही असले म्हणजे पुरे. दुकानदार लावतो ते धडाकेबाज गाणे ऐकून काही ठरवू नये, कारण ते त्या हेडफोनला शोभेल असेच निवडलेले असते. दोन हेडफोनांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवावा लागतो, कारण जो किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.

पण हे सगळे ऐकून पाहता आले तर. म्हणून शहरातील विक्रेत्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की ज्या हेडफोनची विक्री ते जास्त करतात, त्यांतील निदान पाच-सहा तरी नग ऐकण्यासाठी उघडे ठेवावेत. कप पुसायला स्पिरिट आणि कापूस, कानात जाणाऱ्या प्रकारासाठी बदलायची रबरे आणि ऐकताना दहा मिनिटे बसायला एक खुर्ची, एवढीच व्यवस्था लागते. स्वच्छतेचे कारण पुढे केले जाते, आणि कानात गेलेली वस्तू दुसऱ्याला विकू नये हे मलाही मान्य आहे. पण म्हणूनच तर चाचणीचा नग वेगळा हवा. तपकीर गल्लीतल्या दोन हातांच्या दुकानाला हे जमते, तर झगमगीत दालनांना का जमू नये? ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 साली ज्या पुण्यात सुरू झाली, तिथल्या ग्राहकाने ‘सील फोडलं की तुमची’ हे वाक्य मुकाट्याने ऐकून घ्यावे, हे मला बरे वाटत नाही. ऑनलाइन मागवणाऱ्यांनीही पैसे भरण्याआधी वस्तू परत घेण्याच्या अटी वाचाव्यात. कानात घालायचा प्रकार उघडल्यानंतर परत न घेण्याची अट पुष्कळ ठिकाणी असते.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. यंदाच्या खरेदी पुरवणीत कोणत्या दुकानात किती टक्के सवलत आहे हे जसे आपण छापाल, तसे कोणत्या दुकानात हेडफोन चढवून पाहू देतात, याचीही एक छोटी चौकट द्यावी. ज्या वाचकांना अशी दुकाने माहीत आहेत त्यांनी पेठेसह नाव आपल्याकडे कळवले, तर ती यादी आठवडाभरात तयार होईल. तपकीर गल्लीतले ते दुकान मी पहिले कळवते. त्या गृहस्थांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, पत्ता वेगळ्या कागदावर पाठवीन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक श्रुतलेखिका,
कोथरूड, पुणे